हाचिनोहेचा आग्रह

जपानला जाऊन आले म्हटलं की लोक आधी फुजी पर्वताचं विचारतात, मग चेरीच्या फुलांचं. मी दोन्ही पाहिलं नाही. टोकियोच्या स्टेशनात पाऊण तास होते, पण त्याला टोकियो पाहणं म्हणायचं तर स्किपोलवर विमान बदलणाऱ्या प्रत्येकाने नेदरलँड्स पाहिलं असं म्हणावं लागेल. मी पाहिलं ते जपानच्या उत्तरेकडचं, पॅसिफिकच्या काठावरचं एक मध्यम शहर. नाव हाचिनोहे. तिथे मासळी आहे, कारखाने आहेत, वारा आहे आणि माझी मुलगी आहे.

मुक्ता चोवीस वर्षांची आहे. नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नमध्ये वाढली, नायमेखनला जीवशास्त्र शिकली आणि गेल्या वर्षी बारा महिन्यांसाठी म्हणून हाचिनोहेच्या एका मत्स्यसंशोधन केंद्रात गेली. बारा महिने संपत आले तेव्हा तिथल्या प्रमुखांनी तिला विचारलं की आणखी तीन वर्षं राहून डॉक्टरेट करतेस का. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं. मी त्याच्या आधीच्या गुरुवारी पोचले. झुइडओस्टच्या ऑफिसात, जिथे मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, तिथे सांगितलं की जपान बघायला चाललेय. पुण्याला बहिणीला सांगितलं की मुलीला भेटायला चाललेय. खरं कारण एवढंच होतं की मला मुक्ता घरी परत हवी होती.

“मग तिला सरळ सांग,” विवेक म्हणाला. विवेक म्हणजे माझा नवरा. त्याच्या प्रोजेक्टचं घोडं नेमकं त्याच आठवड्यात गंगेत न्हायचं होतं, म्हणून तो येऊ शकला नाही.

“बघू,” मी म्हटलं.

आमच्या रत्नागिरीच्या घरात ताकाला जाऊन भांडं लपवायची रीत होती आणि ती मी सतरा वर्षं नेदरलँड्समध्ये राहूनही सोडलेली नाही. तिची किंमत मात्र मोजली आहे. उइटहॉर्नला आलो त्या पहिल्याच महिन्यात शेजारच्या मारायकेने मला विचारलं, “माझी जुनी सायकल देऊन टाकायची आहे. तुला हवी का?” मला हवी होती, अगदी मनापासून हवी होती. मी म्हटलं, “नको, नको, कशाला!” आता ती म्हणेल, अगं घे गं. मग मी म्हणेन, बरं, इतकं म्हणतेस तर. मारायके म्हणाली, “ओके.” दुसऱ्या दिवशी ती निळी सायकल समोरच्या घरापुढे उभी होती, आणि पुढची सात वर्षं मी समोरच्या बाईला तिच्यावरून बाजारहाट करताना पाहिलं.

गुरुवार : आठवं दार

हाचिनोहे म्हणजे आठवं दार. या भागात पहिल्या दारापासून नवव्या दारापर्यंत गावं आहेत, फक्त चौथं सापडत नाही. ते कुठे गेलं हे मी तिघांना विचारलं आणि तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही.

बुलेट ट्रेन जिथे थांबते तिथून खरं गाव लांब आहे. तिथे दोन डब्यांची छोटी गाडी पकडायची आणि भातखाचरं, गोदामं, धुराडी असं करत समुद्राच्या बाजूला जायचं. गाव नायमेखनपेक्षा थोडं मोठं असेल, पण नायमेखनसारखं नटलेलं नाही. कॅलेंडरवर कुणी त्याचा फोटो छापणार नाही. घरं राखाडी, विजेच्या तारा डोक्यावर लोंबणाऱ्या, दुकानांच्या पाट्या उन्हाने फिक्या झालेल्या. सतरा वर्षांच्या विटकरी टापटिपीनंतर मला त्या तारा बघून बरं वाटलं.

मुक्ता प्लॅटफॉर्मवर उभी होती. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, केस कापलेले, अंगाला मासळीचा वास. मला मिठी मारून ती डचमध्ये बोलायला लागली. मुक्ताला मराठी सगळं समजतं, पण उत्तर डचमध्ये येतं, नाहीतर इंग्रजीत. मी मराठीत विचारते, ती डचमध्ये सांगते, आणि गेली पंधराएक वर्षं आमचं असं सुरळीत चाललं आहे. तिचं बोलणं इथे बहुतेक मराठी करून लिहिते आहे.

ती कुदो-सान नावाच्या बाईंच्या घरी माडीवर भाड्याने राहते. कुदो-सान सत्तरी ओलांडलेल्या, चणीने लहान, पाठ ताठ. नवरा असेपर्यंत दोघांचं सेनबेईचं दुकान होतं. सेनबेई म्हणजे गव्हाच्या पिठाच्या, तीळ लावलेल्या गोल कडक चकत्या, लोखंडी साच्यात भाजलेल्या. साच्याबाहेर पीठ येऊन कडेला पातळ कुरकुरीत झालर धरते, तिला ते कान म्हणतात आणि तिच्या वेगळ्या पिशव्या भरून विकतात. खरवडीवर भांडणाऱ्या घरातून आलेली असल्यामुळे मला या लोकांबद्दल लगेच आपलेपणा वाटला.

दारात मी बेसनाच्या लाडवांचा डबा पुढे केला. कुदो-सान दोन्ही हात हलवून काहीतरी म्हणाल्या. नको, असं ते स्पष्ट होतं. मी पुन्हा पुढे केला. पुन्हा हात हलले. मी डबा पिशवीत परत ठेवायला लागले, तर मुक्ताने माझं कोपर धरलं.

“आई, देत राहा. इथे तीनदा द्यावं लागतं.”

तिसऱ्यांदा कुदो-साननी डबा घेतला, कपाळाला लावल्यासारखा उंच धरला आणि कमरेत वाकल्या. आत गेल्यावर मुक्ताने मला हे सगळं नीट समजावून सांगितलं. पहिला नकार रीतीचा, दुसरा भिडेचा, म्हणून इथे नाही म्हटलं की ते लगेच खरं धरायचं नाही. ती मला हे अशा काही उत्साहाने सांगत होती, जणू मी ते जन्मात ऐकलंच नव्हतं. मी “अच्छा” म्हणत ऐकून घेतलं.

शुक्रवार : माकूळ

सकाळी बाजारात गेलो. स्टेशनसमोरच्या मंडईत फळ्यांवर मासळी मांडून म्हाताऱ्या बसलेल्या असतात. डोक्याला रुमाल, हातात सुरी, तोंड सतत चालू. रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या जेटीवरून यातली कुठलीही बाई उचलून इथे बसवली असती तरी गिऱ्हाईकांना फरक कळला नसता. एकीने माझ्याकडे बघून मुक्ताला काहीतरी विचारलं आणि बाकीच्या हसल्या. “तुझी मोठी बहीण का, असं विचारतेय,” मुक्ता म्हणाली. मला माल खपवायची ही युक्ती पाठ आहे. तरीही मी दोन बांगडे घेतले.

हॉयाही खाऊन पाहिला. समुद्रातला एक केशरी, गाठीगाठींचा, अननसासारखा दिसणारा प्राणी. तो कच्चा खातात. चव आधी समुद्राची, मग लोखंडाची, मग पुन्हा समुद्राची. मी गिळला आणि विक्रेती टाळ्या वाजवायला लागली, त्यामुळे दुसरा तुकडाही खावा लागला.

मुक्ताचं काम माकुळावर, म्हणजे स्क्विडवर, आहे. हे शहर माकुळावर उभं राहिलं, आणि अलीकडे माकूळ येईनासा झाला आहे. तो कुठे गेला, का गेला, हे शोधणाऱ्या लोकांत ती एक. तिने मला सूक्ष्मदर्शकाखाली माकुळाच्या डोक्यातला वाळूच्या कणाएवढा खडा दाखवला. त्याला झाडासारखी वलयं असतात, पण दर वर्षाला एक नाही, दर दिवसाला एक. ती मोजली की तो किती दिवस जगला ते कळतं. “जास्तीत जास्त एक वर्ष,” मुक्ता म्हणाली. “तेवढ्यात जन्मायचं, हजार-दोन हजार किलोमीटर पोहायचं, परत यायचं आणि अंडी घालून मरायचं.”

“परत येतो म्हणजे?”

“जिथे जन्मला तिथे. साधारण.”

माझ्या मनात जे आलं ते वाचकांच्याही मनात आलं असेल. मुक्ता पुढचा खडा काचेवर ठेवत होती. घरी तिला बारावीच्या वयात सकाळी नऊला उठवायला मला तीन हाका माराव्या लागायच्या. इथे ती पहाटे पाचला धक्क्यावर जाऊन बोटीवरल्या लोकांशी त्यांच्या बोलीत बोलते आणि ते तिला बादलीभर माकूळ फुकट देतात. मला अभिमान वाटला आणि त्याचा रागही आला.

दुपारी आम्ही धक्क्यावर बसलो. माकुळाच्या बोटींवर दोन्ही बाजूंनी मोठमोठे काचेचे दिवे ओळीने टांगलेले असतात, दिवसा ते लग्न उरकलेल्या मांडवासारखे दिसतात. मुक्ताने पाय खाली सोडले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “आई, मी अजून तीन वर्षं इथे राहिले तर तुला चालेल का?”

विमानात बारा तास मी याचीच तयारी केली होती. बाबांचं वय, माझे गुडघे, नायमेखनलाही डॉक्टरेट करता येते, सगळं क्रमाने लावून ठेवलं होतं. तिने विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, “चालेल की. न चालायला काय झालं?”

आता ती म्हणेल, खरंच? मग मी जरा थांबेन. मग ती म्हणेल, आई, खरं सांग.

मुक्ता म्हणाली, “ओके!” आणि मला घट्ट मिठी मारली. “मला इतकी भीती वाटत होती तुला विचारायची. यू आर द बेस्ट.” मग ती आइस्क्रीम आणायला गेली. मी समोरच्या दिव्यांच्या ओळीकडे बघत बसले आणि मला ती निळी सायकल आठवली.

शनिवार : समुद्रपक्षी

गावाच्या टोकाला काबुशिमा आहे. पूर्वी बेट होतं, आता जमिनीला जोडलेलं आहे. टेकाडावर एक देऊळ आणि टेकाडभर काळ्या शेपटीचे हजारो समुद्रपक्षी. मे महिन्यात ते अंड्यांवर बसलेले असतात. पायऱ्यांवर, कठड्यांवर, पिवळ्या फुलांत, तुमच्या बुटांपासून वीतभर अंतरावर, आणि उठत नाहीत. त्यांचा आवाज मांजरासारखा. त्यांना इथे समुद्रमांजरंच म्हणतात.

पायथ्याशी छत्र्या ठेवलेल्या असतात. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता, म्हणून मी घेतली नाही. नेदरलँड्समध्ये राहिल्यावर माणसाला छत्रीचा तिटकारा येतो, वारा ती उलटी करतोच. सातव्या पायरीवर माझ्या खांद्यावर आणि थोडं कानावर पक्ष्याचा प्रसाद पडला. शेजारून उतरणारं एक म्हातारं जोडपं थांबलं, माझ्याकडे बघून वाकलं आणि त्यांनी माझं अभिनंदन केलं. इथे ते भाग्याचं समजतात आणि देवळात तसं प्रमाणपत्रही मिळतं. माझं मी जपून आणलं आहे.

मुक्ता हसून हसून कठड्याला टेकली. कालपासून ती फार खुशीत होती. पुढच्या तीन वर्षांचे बेत सांगत होती, कुठली बोट, कुठला समुद्र, हिवाळ्यात किती थंडी. मी “हो का” म्हणत होते. माझं “हो का” किती प्रकारचं असतं हे विवेकला कळतं. मुक्ताला नाही कळत, आणि त्यात तिचा दोष नाही. जिथे माणूस हवं म्हणाला तर हवं आणि नको म्हणाला तर नको, अशा देशात आम्हीच तिला वाढवलं. बाहेर जशी वागतेस तशीच घरी वाग, हेही आम्हीच शिकवलं.

संध्याकाळी कुदो-साननी जेवायला बोलावलं. खाली बसायचं, मध्ये शेगडी, तिच्यावर लोखंडी भांड्यात कोंबडीचा रस्सा, त्यात गाजर, अंगठ्याएवढ्या जाड कांद्याच्या पाती, मशरूम. त्यात कुदो-साननी सेनबेई हाताने मोडून टाकल्या. चकत्या रश्शात शिजून मऊ होतात, पण मध्ये थोडा दात लागतो. पहिल्या घासाला मी मुक्ताकडे बघितलं. “चकोल्या,” मी म्हटलं.

“आपल्या चकोल्या!” मुक्ता मराठीत म्हणाली. मग तिने कुदो-सानना बराच वेळ जपानीत चकोल्या समजावून सांगितल्या.

वाडगा संपला. कुदो-साननी पळी उचलून भुवया वर केल्या. मी हात आडवा धरला, पुरे. पोट भरलं नव्हतं. त्यांनी पुन्हा पळी पुढे केली. मी वाडग्यावर हात ठेवला. त्यांनी माझा हात दोन बोटांनी बाजूला केला आणि वाडगा काठोकाठ भरला.

मला एकदम भरून आलं. रश्शाची वाफ डोळ्यांत गेल्यासारखं केलं. नको म्हटल्यावर मला कुणी वाढल्याला किती वर्षं झाली असतील, मी मोजायला लागले आणि सोडून दिलं. उइटहॉर्नमध्ये आमच्याकडे मराठी मंडळी जेवायला येतात, पण आता तीही प्लेट घेऊन स्वतःच वाढून घेतात. मीच म्हणते त्यांना, हवं ते घ्या हं, आग्रह नाही करणार.

जेवण झाल्यावर मुक्ताने कुदो-सानना बातमी सांगितली. ती राहणार आहे, सोमवारी सकाळी मेल पाठवणार आहे, आईची हरकत नाही. कुदो-सान आनंदल्या, टाळी वाजवली आणि माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाल्या. मी मान डोलावली, हसले. त्या हसायच्या थांबल्या आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. वाढताना पाहत होत्या तशाच.

रविवार : धक्क्यावरचा बाजार

हाचिनोहेचा खरा उत्सव दर रविवारी पहाटे असतो. बंदराच्या लांबलचक धक्क्यावर तीनेकशे दुकानं उजाडायच्या आत उभी राहतात आणि नऊच्या सुमाराला मोडून जातात, मग तिथे नुसता सिमेंटचा धक्का उरतो. तिथे मासे आहेत, लोणची आहेत, तळलेली कोंबडी, सुऱ्या, रोपं, जुने रेडिओ. एक माणूस फक्त झाडू विकत होता आणि त्याच्याकडे रांग होती. कुदो-सान एका मैत्रिणीच्या सेनबेईच्या दुकानात दर रविवारी मदतीला जातात. आम्ही साडेचारला त्यांच्याबरोबर निघालो. सूर्य वर आला होता, वारा बर्फासारखा.

दुकानामागे उलट्या क्रेटवर आम्ही तिघी बसलो, हातात गरम चहा. कुदो-साननी समुद्राकडे बोट केलं. त्या मोठ्या सुनामीत पाणी इथून वर चढलं, त्यांच्या दुकानाचे लोखंडी साचे चिखलात शोधून काढले, मुक्ताने भाषांतर करून सांगितलं. आम्ही नेदरलँड्समध्ये समुद्राच्या पातळीखाली राहतो आणि तो बांधामागे असल्यामुळे त्याच्याकडे कधी बघतही नाही. इथे तो रोज समोर आहे आणि लोक त्याच्याकडे पाठ करून झाडू विकत घेत होते.

मग कुदो-सान माझ्याकडे वळल्या आणि एक वाक्य म्हणाल्या.

“मी राहिले तर तुला चालेल का, असं विचारतायत,” मुक्ता म्हणाली.

“चालेल म्हणून सांग.”

मुक्ताने सांगितलं. कुदो-साननी ऐकलं, मान हलवली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

“पुन्हा तेच विचारतायत.” मुक्ता जरा गोंधळली. “मी नीट सांगितलं होतं.”

“सांग, काही हरकत नाही. तिचं भलं होतंय त्यात आम्हाला आनंदच आहे.”

मुक्ताने तेही सांगितलं. कुदो-साननी हातातला चहा खाली ठेवला. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, एकेक शब्द सुटा करत, तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं. मला जपानी येत नाही. पण तोवर ते वाक्य मला पाठ झालं होतं.

“नाही चालणार,” मी म्हटलं. “मला अजिबात नाही चालणार. मला ती घरी हवी आहे. तिची खोली मी दर शनिवारी झाडते आणि तिथेच बसून राहते. मी जपान बघायला आलेच नाही, तिला न्यायला आले.”

कुदो-साननी मुक्ताकडे पाहिलं, भाषांतरासाठी. तिने केलं नाही. कुदो-सानना त्याची गरजही नव्हती बहुतेक, त्या उठून गिऱ्हाइकाकडे गेल्या.

“मग परवा सांगितलं का नाहीस?” मुक्ता म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “मी तुला विचारलं होतं. स्पष्ट विचारलं होतं.”

“तू एकदाच विचारलंस.”

ती माझ्याकडे बघत राहिली. लाडवांच्या डब्याची गोष्ट तिला आठवली असावी, कारण तिचा चेहरा हळूहळू बदलला. मग ती म्हणाली, “ओके. मग येते मी घरी.”

झालं. जे मागायला नऊ हजार किलोमीटर आले होते ते एका वाक्यात हातात पडलं. तिने चिडून म्हटलं नाही की रडून म्हटलं नाही, तिच्या पद्धतीने म्हटलं, म्हणजे ते खरं होतं आणि ती ते करणार होती. मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

कुदो-सान परत आल्या तेव्हा आम्ही दोघी दोन दिशांना बघत होतो. त्यांनी सेनबेईचे कान एका कागदावर ओतून आमच्या मध्ये ठेवले आणि स्वतःबद्दल थोडं बोलल्या. मुक्ताने ते खालच्या आवाजात सांगितलं. त्यांचा मुलगा टोकियोत असतो. जाताना त्याने विचारलं होतं, जाऊ का? त्या म्हणाल्या होत्या, जा. त्याने पुन्हा विचारलं नाही. त्याला आता वीस वर्षं झाली. “आणि गेला ते बरंच झालं, असंही म्हणतायत,” मुक्ता म्हणाली. “तिथे त्याचं चांगलं चाललंय. फक्त त्याने आणखी एकदा विचारायला हवं होतं.”

सोमवार : मेल

माझी गाडी अकराची होती. सकाळी मुक्ता लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली. मेल लिहून तयार होती, मनापासून आभार आणि नकार. तिने ती मला वाचून दाखवली आणि बोट कळीवर ठेवलं.

रात्रभर मी त्या सूक्ष्मदर्शकाखालच्या खड्याचा विचार केला होता असं लिहिलं तर शोभून दिसेल. खरं तर मी गाढ झोपले, दोन वाडग्यांची सवय नव्हती आणि मी रविवारीही दोन घेतले होते. सकाळी उठले तेव्हा मुक्ता खिडकीशी उभी राहून खालच्या कोळ्याशी बोलत होती. कसला तरी विनोद झाला आणि ती इतकी मोठ्याने हसली की मला जिन्यात थांबावंसं वाटलं. उइटहॉर्नच्या घरात मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. कुठे राहायचं हे तिच्या अंगाने केव्हाच ठरवलं होतं.

“ती नको पाठवू,” मी म्हटलं. “हो लिही.”

“आई!”

“हो लिही. राहा तू इथे.”

तिने बोट उचललं. “झेकर?” म्हणजे, नक्की?

“नक्की.”

तिने नवी मेल लिहिली. छोटीच होती. पाठवायच्या आधी तिने पुन्हा विचारलं, इंग्रजीत. मी पुन्हा हो म्हटलं. मग ती थांबली. लॅपटॉप बाजूला ठेवून माझ्यासमोर मांडी घालून बसली, आणि मराठीत, शब्द जुळवत जुळवत, म्हणाली, “आई, मी तिसऱ्यांदा विचारते आहे. मी इथे राहिले तर तुला चालेल का?”

खाली कुदो-सान नळ सोडून भांडी घासत होत्या.

“मला फार वाईट वाटेल,” मी म्हटलं. “घरात शिरल्यावर वाटेल, शनिवारी वाटेल, तुझ्या वाढदिवसाला तर विचारू नकोस. पण तू घरी आलीस आणि तिथे अशी हसली नाहीस तर त्याहून वाईट वाटेल. तू पाठव.”

ती रडली, मीही रडले. मग तिने मेल पाठवली आणि आम्ही स्टेशनवर गेलो. कुदो-साननी सेनबेईची मोठी पिशवी दिली. मी दोनदा नको म्हटलं.

उइटहॉर्न

परत आल्यावर पहिल्या रविवारी मी आमटीत त्या सेनबेई मोडून टाकल्या. बऱ्या झाल्या, फक्त आमटीत गूळ जरा कमी हवा होता. विवेकने दोनदा घेतलं. फोनवरून त्याला सगळं कळलेलंच होतं, बाजार वगळून. बाजाराचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

“म्हणजे तीन वर्षं,” विवेक म्हणाला.

“तीन वर्षं.”

“तुला चालेल ना?”

“चालेल की,” मी म्हटलं. सवयीने निघून गेलं.

त्याने मान डोलावली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. बाहेर मारायके तिची सायकल कुंपणाला लावत होती. मी हात पुढे करून झाकण काढलं.

“विवेक,” मी म्हटलं, “अजून दोनदा विचार.”